जाहिरातीतलं पिल्लू: आगाऊ पैसे द्यावेत का?

प्रश्न: ऑनलाइन जाहिरातीत लॅब्राडॉरचं पिल्लू पाहिलं. वय ५ आठवडे. विकणारा म्हणतो, अर्धे पैसे आधी पाठवा, पिल्लू गाडीने येईल. व्हिडिओ कॉलला टाळाटाळ करतो. मुलगी रोज तो फोटो उघडून बसते. काय करू?

उत्तर १: पैसे पाठवू नका. फोटो इमेज सर्चमध्ये टाकून बघा, बरेचदा दुसऱ्याच कुणाचा निघतो. एकदा पैसे दिले की पिंजऱ्याचे, विम्याचे म्हणून आणखी मागतात.

उत्तर २: मी असंच एक आणलं होतं. आलं तेव्हा उड्या मारत होतं. चौथ्या दिवशी उलट्या, रक्ताचे जुलाब. पार्वो, म्हणजे कुत्र्यांना होणारा विषाणूचा आजार. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण ३ ते ७ दिवस लागतात, त्यामुळे विकताना पिल्लू धडधाकट दिसतं. सलाईन लावून रात्री जागलो, तरी गेलं. अजून त्याची वाटी टाकवत नाही. ताई, ८ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडूच नये. स्वतः जाऊन त्याला आईजवळ पाहा, लसीचं कार्ड मागा. आई दाखवत नसतील तर तसेच परत फिरा.

प्रश्नकर्ती: आई दाखवा म्हटलं, तर त्याने नंबरच ब्लॉक केला. मुलगी खूप रडली. रविवारी तिला घेऊन प्राण्यांच्या निवाऱ्यात जातेय.