घरोघरी विखुरलेले फोटो, कॅसेट, वह्या : सामूहिक संग्रह सुरू करताना आधी काय हाती घ्यावं?

सांजवात

आमच्या समाजाबद्दल छापील मजकूर फार थोडा आहे, आणि जो आहे तो बहुतेक बाहेरच्यांनी लिहिलेला. खरा ठेवा लोकांच्या ट्रंकांत आणि कपाटांत पडून आहे. मोजदाद केली तेव्हा साधारण ४०० फोटो (निम्मे चिकटपानांच्या अल्बममध्ये), गाणी, सभा आणि वडीलधाऱ्यांचं बोलणं असलेल्या ६० कॅसेट, संघटनेच्या हस्तलिखित वह्या, पत्रकं आणि थोड्या ३५ मिमी निगेटिव्ह निघाल्या. हाताशी एक फ्लॅटबेड स्कॅनर, एक लॅपटॉप आणि आठ-दहा स्वयंसेवक आहेत. पैसा बेताचा.

जाणकारांना विचारायचं ते असं. कामाचा क्रम काय ठेवावा? मूळ वस्तू एका खोलीत गोळा कराव्यात की घरीच राहू द्याव्यात? कॅसेट घरच्या घरी उतरवता येतील का? तरुण मंडळींचं म्हणणं, सगळं लगेच नेटवर टाका. ज्येष्ठ कचरतात. यात मार्ग कसा काढायचा?

नोंदकर्ता

स्कॅनर बाजूला ठेवा आणि आधी फोटो ओळखून घ्या. नीट ठेवलेला फोटो आणखी कित्येक वर्षं टिकेल, पण त्यातली माणसं कोण हे सांगू शकणारे ८० वर्षांचे आजोबा तेवढे थांबणार नाहीत. नाव, जागा, प्रसंग यांशिवाय उत्तम दर्जाचा स्कॅनही पुढच्या पिढीला मुका असतो. या टप्प्यावर मोबाइलने काढलेली कामचलाऊ प्रत पुरते.

गटाच्या फोटोची ए३ आकाराची साधी प्रिंट काढा, वर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक डोक्याभोवती गोल काढा आणि क्रमांक टाका. पुढची रांग आधी, डावीकडून उजवीकडे. मग दोघा-तिघांना एकत्र बसवा. एकाच्या आठवणीने दुसऱ्याची जागी होते. मात्र एकदा प्रत्येकाला स्वतंत्रही विचारा, कारण गटात ठाम बोलणाऱ्याच्या मागे बाकीचे जातात. ‘क्रमांक ७ कोण’ याची दोन वेगळी उत्तरं आली तर दोन्ही लिहा, आणि कोणी कधी सांगितलं तेही लिहा. मतभेद मिटवणं संग्रहाचं काम नाही.

हे सगळं बोलणं रेकॉर्ड करा. वेव्ह स्वरूप (आकुंचन न करता साठवलेली ध्वनिफाइल), ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट. माइक तोंडापासून २०–३० सेंमीवर, जरा बाजूला, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’चे झोत थेट आदळत नाहीत. पंखा आणि फ्रिज बंद. सुरुवातीला नाव, तारीख, जागा मोठ्याने बोला. दुसऱ्या एखाद्या यंत्रावरही रेकॉर्डिंग चालू असू द्या. एका बैठकीला तास-दीड तास पुरे, त्यापुढे ज्येष्ठ माणसं थकतात आणि उत्तरं आखूड होतात. शब्दशः उतरवून काढण्याच्या नादी लगेच लागू नका. एक तासाच्या बोलण्याला चार ते आठ तास जातात आणि स्वयंसेवक तिथेच गळतात. दर पाच मिनिटांना कोणता विषय निघाला एवढी वेळसूची आधी करा.

मूळ वस्तू घरीच राहू द्या. अमेरिकेतला साउथ एशियन अमेरिकन डिजिटल आर्काइव्ह २००८ पासून याच पद्धतीने चालतो: डिजिटल प्रत संग्रहात, मूळ वस्तू कुटुंबाकडे किंवा ती जिथे होती तिथे. ‘फोटो नेला तो परत आलाच नाही’ ही भीती ज्यांच्याकडून पूर्वी खूप काही नेलं गेलं आहे त्या समाजात रास्तच असते. शिवाय एकाच खोलीत सगळं जमवलं तर एका गळक्या छताने सगळं जातं. स्कॅनसाठी वस्तू घरातून न्याल तेव्हा दोन प्रतींत पावती करा: वस्तू काय, किती, आधीपासून कुठे फाटलेली आहे, परत कधी देणार. अपवाद फक्त बुरशी किंवा कीड लागलेल्या वस्तूंचा, त्या लगेच वेगळ्या काढाव्या लागतात.

रिळं_आणि_फिती

माणसं आधी हे मान्य, पण कॅसेट त्यांच्यानंतर नव्हे, त्यांच्याबरोबरच घ्या. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच इशारा दिला होता की २०२५ पर्यंत जी फीत उतरवली जाणार नाही ती बहुतेक कायमची जाईल. कारण फीत सडते एवढंच नाही. ती वाजवणारी चांगली यंत्रं, त्यांचे सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारे हात संपत चालले आहेत.

घरी उतरवता येतात, पण यूएसबी लावलेल्या स्वस्त वॉकमनसारख्या यंत्रावर नको. त्यांचा वेग डळमळतो आणि आवाज लहरतो. जुना पण चांगल्या अवस्थेतला पूर्ण आकाराचा कॅसेट डेक मिळवा, शक्यतो ऑटोरिव्हर्स (कॅसेट न उलटता दुसरी बाजू वाजवण्याची सोय) नसलेला, कारण फिरणाऱ्या हेडचा, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाचा, कोन स्थिर राहत नाही. आवाज डेकच्या लाइन-आउटमधून यूएसबी ऑडिओ इंटरफेसमध्ये (आवाजाचं डिजिटल रूप करणारी डबी) आणि तिथून लॅपटॉपमध्ये न्या. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर खुपसू नका.

कॅसेट हातात घेतल्यावर पहिलं काम म्हणजे वरच्या कडेचे प्लास्टिकचे दोन छोटे कान मोडणं, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी मूळ आवाज पुसला जाणार नाही. मग खिडकीतून आत बघा. फितीच्या कडेला पांढरट पूड दिसली तर ती बुरशी असू शकते. अशी कॅसेट डेकमध्ये घालायची नाही, वेगळ्या पिशवीत बंद करायची आणि हाताळताना एन९५ मास्क लावायचा. एक बुरशी लागलेली कॅसेट हेड आणि रबरी चाक खराब करते आणि पुढच्या सगळ्या कॅसेटना लागण देते. हेडसमोरच्या पातळ पत्रीवर फेल्टचा चिमुकला तुकडा असतो. त्याचा गोंद सुकून तो गळून पडतो आणि मग आवाज दबका, येत-जात येतो. अशा वेळी फितीची दोन्ही चक्रं तशीच उचलून पाच स्क्रूच्या नव्या कवचात घाला. स्क्रूऐवजी सांधून बंद केलेलं कवच शिवणीवर हळूहळू उकलावं लागतं.

बरीच वर्षं न वाजलेली कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे, पूर्ण मागे फिरवा. हेड दर दोन-तीन कॅसेटमागे ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने पुसा. आता सर्वांत महत्त्वाचं. मूळ रेकॉर्डिंग ज्या यंत्रावर झालं त्याच्या हेडचा कोन तुमच्या डेकशी जुळेलच असं नाही. हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू अगदी केसभर फिरवत, आवाज मोनो (दोन्ही बाजूंचा एकत्र) करून ऐका. ‘स’ आणि टाळांचा खणखणाट जिथे सर्वांत स्पष्ट येईल तिथे थांबा. हे प्रत्येक कॅसेटला करायचं. हा कोन चुकला तर हरवलेले वरचे स्वर नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने खरेखुरे परत येत नाहीत.

पातळी अशी ठेवा की सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही. २४ बिटला कमी पातळी चालते, फाटलेला आवाज मात्र दुरुस्त होत नाही. आंतरराष्ट्रीय ध्वनिसंग्रह संघटनेची मार्गदर्शिका किमान ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट सांगते, जमल्यास ९६. खरखर काढणं, आवाज वाढवणं हे फक्त दुसऱ्या प्रतीवर. मूळ उतरवलेली फाइल जशी आली तशीच राहिली पाहिजे, सुरुवातीची शांतता आणि मधला खोकला धरून.

सगळ्या कॅसेट ९० मिनिटांच्या धरल्या तर ६० म्हणजे नुसतं वाजवण्याचेच ९० तास. ते वेगाने उरकत नाही. आधी एकमेव प्रत असलेल्या आणि बोललेल्या आवाजाच्या कॅसेट घ्या. बाजारात विकली गेलेली गाणी शेवटी.

कोरा_कागद

कागद आणि फोटोंबद्दल. अल्बम सुटा करू नका. आधी पूर्ण पान स्कॅन करा, कारण फोटोंचा क्रम आणि शेजारी लिहिलेले शब्द हाही पुरावाच आहे. चिकटपानांवरचा फोटो ओढला की वळतो किंवा फाटतो. मागून दात साफ करायचा न मेणवलेला दोरा करवतीसारखा हलवत सोडवता येतो. अडला तर तिथेच थांबा आणि पानासकट स्कॅन करा. फोटोची मागची बाजूही स्कॅन करायची, स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलीतली तारीख तिथेच सापडते.

पोस्टकार्ड आकारापर्यंतचे फोटो ६०० डीपीआय (दर इंचाला इतके ठिपके), वह्या-पत्रकं ४००, निगेटिव्ह ३००० ते ४००० (त्यासाठी स्कॅनरला पारदर्शक वस्तूंचा दिवा हवा). कृष्णधवल फोटोसुद्धा रंगीत २४ बिटमध्येच, कारण पिवळेपणा आणि शाईचा रंगही माहिती देतो. ‘ऑटो करेक्शन’ आणि ‘शार्पन’ बंद. जतनाची प्रत टिफ (तपशील न गाळणारी मोठी फाइल), पाहण्याची जेपेग (आकुंचन केलेली छोटी फाइल). व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत आकुंचन पावते आणि तिच्यातली तारखेची माहितीही जाते, तेव्हा घरून मागवायचं झालं तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

लॅमिनेशन नको, सेलोटेप नको. दोन्ही परत निघत नाहीत आणि टेपचा गोंद तपकिरी होऊन अक्षरं खातो. गंजलेल्या पिनेखाली पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवून पिन उचला. पीव्हीसीच्या पाकिटांतून कालांतराने आम्ल सुटतं, म्हणून पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रोपिलीन घ्या. निगेटिव्हच्या डबीतून व्हिनेगरसारखा वास आला तर ॲसिटेटची फिल्म कुजायला लागली आहे. ती बाकीच्यांपासून दूर ठेवा आणि स्कॅनच्या रांगेत सर्वांत पुढे घ्या.

वहीत जिवंत कीड असेल तर फवारा मारू नका. पॉलिथीनच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा, उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये किमान एक आठवडा ठेवा आणि बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका. लगेच उघडली तर थंड कागदावर दव धरतं. हा उपाय फक्त कागदासाठी, कॅसेट आणि काचेच्या निगेटिव्हसाठी अजिबात नाही.

सांजवात

खूप आभार. दोन गोष्टी राहिल्या. नोंदतक्ता कसा करायचा, आणि नेटवर टाकण्याचं काय? आमच्या वह्यांमध्ये कोणाचं आजारपण, कोणाचं कर्ज, कोणाला वाळीत टाकलं, असंही लिहिलेलं आहे.

नोंदकर्ता

साधा स्प्रेडशीट तक्ता पुरतो. डब्लिन कोअर या नोंदींच्या प्रमाणपद्धतीचे १५ रकाने हा पाया धरा: शीर्षक, निर्माता, तारीख, विषय, हक्क वगैरे. त्यात तुमचे तीन घाला: ‘वस्तू कोणाच्या घरची’, ‘ओळख कोणी पटवली’, ‘कोणाला पाहता येईल’. अंदाजी साल १९६५~ असं, शंका असेल तर १९६५? असं लिहा. रिकाम्या जागी अंदाज घुसडू नका. फाइलच्या नावात फक्त रोमन अक्षरं आणि आकडे, शून्यं भरून, मोकळी जागा न ठेवता. कुटुंब ०१२, वस्तू ००३४, पान ०२, बस. वर्णन तक्त्यात, फाइलच्या नावात नको. क्रमांकांचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा, नाहीतर एक्सेल पुढची शून्यं गिळतो. तक्ता सीएसव्ही (साध्या मजकुराचा तक्ता) म्हणून, यूटीएफ-८ या युनिकोड सांकेतिकीत साठवा, आणि उघडताना दोनदा क्लिक न करता ‘इंपोर्ट’ने आणा. नाहीतर देवनागरीच्या जागी चिन्हांचा गोंधळ दिसतो, आणि कोणी तोच पुन्हा साठवला की मूळ अक्षरं गेली. युनिकोडपूर्व फाँटमध्ये (तो फाँट नसला की अक्षरं वाचता येत नाहीत) टंकलेलं काही असेल तर तेही आत्ताच युनिकोडमध्ये बदलून घ्या.

विषयाचे शब्द तुमच्या लोकांचे वापरा. बाहेरच्यांनी ठेवलेलं अपमानकारक शीर्षक असेल तर ते ‘मूळ शीर्षक’ या वेगळ्या रकान्यात जपा, पुसू नका, पण शोधात पुढे आणू नका. मोठ्या यंत्रणांत शब्द बदलायला किती काळ जातो पाहा: अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधलं ‘बेकायदा परके’ हे विषयशीर्षक बदलावं ही मागणी विद्यार्थ्यांनी २०१४ मध्ये केली, बदल झाला २०२१ मध्ये. तुमचा तक्ता तुमच्या हातात आहे, तुम्हाला थांबायची गरज नाही.

नेटबाबत ज्येष्ठांचं ऐका. चार पायऱ्या ठेवा: सर्वांना खुलं, फक्त समाजाला, फक्त त्या कुटुंबाला, अमुक सालापर्यंत बंद. वह्या सुरुवातीला बंदच. फोटो घरात असणं म्हणजे त्याचा कॉपीराइट असणं नव्हे, तो छायाचित्रकाराकडे असू शकतो. मुलाखतीची संमती बोलणं संपल्यावर घ्या, काय बोललो हे कळल्यावरच माणूस खरी परवानगी देऊ शकतो. परवानगी मागे घ्यायची सोय लेखी असू द्या. मुकुर्तू नावाची मोफत प्रणाली ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू समाजाबरोबरच्या कामातून निघाली. कोणी काय पाहायचं याचे नियम तिच्यात समाजच ठरवतो, म्हणून ती तुम्हाला सोयीची पडेल.

आणि जे पाळता येणार नाही त्याचं वचन देऊ नका. अमेरिकेतल्या बोस्टन कॉलेजच्या बेलफास्ट प्रकल्पात, मृत्यूपर्यंत गुप्त राहील या भरवशावर, उत्तर आयर्लंडमधल्या संघर्षात उतरलेली माणसं बोलली. २०११ मध्ये ब्रिटिश तपासयंत्रणेच्या वतीने अमेरिकी न्यायालयाचं फर्मान आलं आणि काही मुलाखती द्याव्या लागल्या. कोणी गुन्ह्यासारखं काही सांगू लागलं तर रेकॉर्डर बंद करून आधी धोका समजावून सांगा. ते रेकॉर्ड न करणं हाही निर्णय असू शकतो.

रिळं_आणि_फिती

साठवणीचं गणित मी देतो. ४०० फोटो टिफमध्ये साधारण १० जीबी, ६० कॅसेट ९६ किलोहर्ट्‌झ, २४ बिटमध्ये जवळपास १९० जीबी. वह्यांचं ए४ आकाराचं प्रत्येक पान ४०० डीपीआयला सुमारे ४६ एमबी. म्हणजे १ टीबीच्या डिस्कमध्ये मावेल. अशा तीन प्रती: दोन डिस्क वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या घरांत, आणि तिसरी क्लाउडवर. एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) वर्षानुवर्षं वीज न देता पडून ठेवायची नाही, तिच्यातला डेटा पुसट होऊ शकतो. फिरत्या डिस्कही चार-पाच वर्षांनी बदला.

प्रत्येक फोल्डरमधल्या फाइलींची एसएचए-२५६ यादी काढा, म्हणजे प्रत्येक फाइलचा आकडी ठसा, जो फाइल जराही बदलली की बदलतो. बॅगइट या पद्धतीत ती यादी फाइलींसोबतच बांधली जाते आणि त्यासाठी मोफत साधनं मिळतात. दर सहा महिन्यांनी यादी ताडून बघा. एक फाइल जुळली नाही तर दुसऱ्या घरच्या डिस्कवरून आणायची, पण आणण्याआधी तिथली प्रत जुळते का ते तपासूनच. क्लाउडचं खातं एका माणसाच्या खासगी ईमेलवर नको. संग्रहाचा वेगळा ईमेल, पासवर्ड तिघांकडे, आणि खात्याची मुदत कधी संपते ती तारीख त्याच नोंदतक्त्याच्या पहिल्या पानावर.