ग्रेट ओशन रोड एका दिवसात ‘उरकणाऱ्यांना’

निवांत:
कालच्या त्या यादीखाली प्रतिसाद लिहीत होतो, तो लांबला म्हणून वेगळा धागा. ऑस्ट्रेलियातल्या या किनारी रस्त्याची ती यादी थोडक्यात अशी: पहाटे मेलबर्न सोडा, टॉर्कीपासून किनारा धरा, सोळा थांबे, प्रत्येकी पंधरा मिनिटं, ट्वेल्व्ह अपॉसल्सला (समुद्रातले खडकांचे सुळके) सूर्यास्त, रात्री आतल्या रस्त्याने परत. आणि वर शेरा: ‘वाटेत मुक्काम म्हणजे पैशांची उधळपट्टी.’

हिशेब करू. किनाऱ्याने अपॉसल्सपर्यंत पावणेतीनशे किलोमीटर, वळणं धरून साडेचार-पाच तास. आतून परत यायला तीन. सोळा थांब्यांचे चार. झाले बारा. यात जेवण नाही, गाडी लावायला जागा शोधणं नाही, मुलांची शू नाही. आम्ही जूनमध्ये गेलो होतो. तिकडे तेव्हा हिवाळा. साडेसातला उजाडतं, पाचच्या सुमारास सूर्य गुल. शेवटचे पाच थांबे काय मोबाइलच्या टॉर्चने बघायचे?

आम्हीही हावरटपणा करून आठ ठरवले होते. सहावा लॉक आर्ड गॉर्ज. १८७८ साली इथे जहाज फुटलं, चोपन्न जणांपैकी दोघं वाचली, त्या मुलाने त्या मुलीला ओढत याच घळीत आणलं. खाली वाळूत उतरलो. घळीच्या तोंडाशी लाट खडकावर दणकते, आणि आत येईपर्यंत पसरून पसरून जेमतेम घोटा भिजवण्याइतकी उरते. तेच बघत दीड तास बसलो. पुढचे दोन थांबे बुडाले. चुकल्यासारखं अजिबात वाटलं नाही.

वेळापत्रक:
यादी माझीच. वाचून चिडण्याऐवजी नुसती वाचली असती तरी चाललं असतं. आम्ही डिसेंबरात गेलो होतो, पावणेनऊपर्यंत उजेड. जूनमध्ये जायला मी सांगितलं होतं का? शेवटचे सहा थांबे पोर्ट कॅम्पबेलच्या आसपास आहेत, एकमेकांपासून पाच-दहा मिनिटांवर. अपॉसल्स ओलांडून आधी ग्रोटोपर्यंत जायचं आणि सूर्यास्ताला मागे यायचं, हेही लिहिलंय.

आणि घळीत दीड तास बसायला मिळणं हे नशीब असतं, साहेब. आम्ही चार विद्यार्थी, भाड्याची गाडी, दुसऱ्या दिवशी दोघांना कामावर हजर व्हायचं. सगळेच काही निवांत जन्माला येत नाहीत.

सनावळी:
सोळातला एक थांबा ती लाकडी कमान, बरोबर? तिच्याखाली फोटो काढून पळणाऱ्यांपैकी किती जण तिथला मजकूर वाचतात? पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सुमारे तीन हजार सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात कुदळ-फावड्याने हा रस्ता खोदला, न परतलेल्यांच्या स्मरणार्थ. आख्खा रस्ताच स्मारक आहे.

बाकी ‘पंधरा मिनिटांचा थांबा’ म्हणाल तर लंडन ब्रिजला (याच किनाऱ्यावरची खडकाची नैसर्गिक कमान) जानेवारी १९९० मध्ये दोन पर्यटक पलीकडच्या टोकाला गेले आणि मागची कमान समुद्रात कोसळली. हेलिकॉप्टरने आणावं लागलं. त्यांचाही थांबा जरा लांबलाच.

चौथा गिअर:
दोन्ही बाजूंच्या हिशेबात ड्रायव्हर नावाचा प्राणी कुठेच नाही. तो रस्ता मी पूर्ण चालवलाय. काय पाहिलं सांगू? पांढरी रेघ. आणि पुढच्या कॅम्परव्हॅनचं मागचं दार, त्यावरच्या चिखलाच्या शिंतोड्यांसकट. ते अजून डोळ्यांपुढे आहे. शेजारून आवाज, “अय्या, ते बघ ना!” मान वळवली की लगेच, “समोर बघ, समोर!” दिवसभर हेच. घरी आल्यावर बायको नातेवाइकांना समुद्राचे रंग सांगत होती आणि मी वळणं.

खिडकीची सीट:
मग द्यायची चावी. कोणी धरून ठेवायला सांगितली होती? कॅलिफोर्नियात हायवे १ वर कार्मेलपासून खाली बिग सरकडे मी गाडी चालवली. उत्तरेकडून दक्षिणेला गेलं की आपली लेन समुद्राच्या बाजूची, थांबायच्या जागा उजव्या हाताला, आडवं वळायला नको. नवरा शेजारी बसून पायाखाली नसलेला ब्रेक दाबत होता. बिक्सबी पुलावर तर त्याने डोळेच मिटले. ‘मला काही दिसलं नाही’ म्हणून रडणारे पुरुष शेजारी बसवले तरी बघत नाहीत.

चौथा गिअर:
तुमच्या नवऱ्याचा राग माझ्यावर का? माझ्या बायकोकडे लायसन्स नाही.

खिडकीची सीट:
तसं आधी लिहायचं होतं. त्या एका मुद्द्यावर माघार. पण कॅम्परव्हॅनमागे रडत बसण्यात अर्थ नाही. कॅलिफोर्नियात दुपदरी रस्त्यावर मागे पाच किंवा जास्त गाड्या तुंबल्या, तर हळू जाणाऱ्याने सोयीच्या जागी बाजूला होऊन वाट द्यायची, असा कायदाच आहे.

चौथा गिअर:
कायदा! तिथेही एका महाशयांनी बाजूला व्हायच्या तीन जागा माझ्यासमोर सोडल्या. मागे अकरा गाड्या. आरशात मोजल्यात.

निवांत:
धागा थांब्यांबद्दल आहे.

चौथा गिअर:
होता.

सनावळी:
हायवे १ निघालाच आहे तर: मे २०१७ मध्ये मड क्रीकला डोंगर रस्त्यावर आला, रस्ता उघडायला जुलै २०१८ उजाडला. आमचं आरक्षण नेमकं मधल्या काळातलं. मिनिटामिनिटाचं वेळापत्रक केलं होतं हो. डोंगराने वाचलं नव्हतं.

निवांत:
वेळापत्रक, शेवटचं विचारतो. अंधारात आतल्या रस्त्याने परत या, हे लोकांना बिनधास्त सांगता. संध्याकाळनंतर कांगारू रस्त्यावर येतात, दिवसभर गाडी हाकून डोळे मिटायला लागलेले असतात. तुमच्या वेळी काय झालं?

वेळापत्रक:
काही झालं नाही. एक कांगारू आडवा आला होता, असं मित्र म्हणतो. परतीला तोच चालवत होता. (जातानाही.) मी मागे झोपलो होतो.

ठीक आहे. यादीच्या डोक्यावर ‘फक्त डिसेंबर-जानेवारी’ लिहितो. मुक्कामाचं वाक्यही काढतो. सोळाचे आठ मात्र करणार नाही, घळ तुम्हालाच लखलाभ.

चौथा गिअर:
त्या मित्राला इथे आणा. त्याने किती थांबे पाहिले ते मला ऐकायचंय.

वेळापत्रक:
आत्ताच विचारलं. अकरा म्हणतो. बाकी पाच ठिकाणी आम्ही फोटो काढत होतो आणि तो गाडीत सीट मागे करून पडला होता. आम्हाला वाटलं, त्याला समुद्राचा कंटाळा आलाय.