भाडं विंडोजला की टॅलीला?

‘विंडोजला महिन्याचं भाडं लावलं की सगळे लिनक्सवर (विंडोजऐवजी चालणारी फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम) जातील,’ असं काही जण म्हणतात. आमच्या सांगलीत तरी हे होईलसं वाटत नाही. एक तर घरगुती विंडोज अजून एकरकमीच मिळतं. भाडं आहे ते मायक्रोसॉफ्ट ३६५ ला, म्हणजे वर्ड-एक्सेलच्या संचाला. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा वर्षभराच्या जादा सुरक्षा अपडेटसाठी मात्र मायक्रोसॉफ्टनं ३० डॉलर मागितले (सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्या क्लाउडवर ठेवलात तर फुकट, म्हणजे माहिती द्या!).

खरी अडचण वेगळीच. यार्डातल्या हळदीच्या अडतीवर हिशेब टॅली या सॉफ्टवेअरमध्ये, आणि टॅली विंडोजची. लग्नपत्रिका छापणाऱ्याचं सगळं काम श्रीलिपी या मराठी फाँट-टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, तेही विंडोजवरच. ही माणसं कुरकुरतील आणि भाडं भरतील.

घरी पत्रं, ब्राउझर, पोरांचा अभ्यास एवढंच असेल तर लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) बिनधास्त टाका. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड (देवनागरी टायपिंगची प्रमाण कळमांडणी) त्यात आहे, ‘त’ तिथंही एल च्या कळीवरच. फक्त आधी पेनड्राइव्हवरून चालवून प्रिंटर कागद ओढतोय का ते बघा, मगच जुनं पुसा.