टार्क: रॉकेट सकाळी ७९१ फूट, दुपारी ८५८. नक्की चुकतंय काय?

जर्सीकर_बाबा: नमस्कार मंडळी, लेकीच्या टीमने यंदा २०२४ च्या अमेरिकन रॉकेट्री चॅलेंजमध्ये, म्हणजे टार्कमध्ये भाग घेतलाय. कच्चं अंडं घेऊन बरोब्बर ८२० फूट जायचं आणि उडाल्यापासून ४३ ते ४६ सेकंदांत जमिनीवर, अंडं फुटलं तर फ्लाइट बाद. जितके फूट चुकाल तितके पॉइंट, वेळ चुकली तर सेकंदाला ४, ज्याचे कमी तो पुढे. आता रॉकेट तेच, मोटर तीच, एफ वर्गाची (हे अक्षर मोटरची ताकद सांगतं), वजन ग्रॅमवर मोजून तेच, तरी शनिवारी सकाळी ७९१ आणि दुपारी ८५८! पोरी एकमेकींवर चिडल्यात आणि मी मेकॅनिकल इंजिनिअर असून मला काही सांगता येईना, घरात लाज गेलीय. क्वालिफाइंगच्या तीनच फ्लाइट्स देता येतात, त्यातल्या बेस्ट दोन धरतात. काय बघू?

गच्चीवरचा_न्यूटन: उंचीची स्पर्धा म्हणजे सगळ्यात वर जाईल तो जिंकला ना?

ढगातली_काकू: ते एस-१ वगैरे उंची गाठायच्या प्रकारात रे, वर्ल्ड चॅम्पियनशिपला. इथे नेम धरायचा असतो.
बाबा, सकाळ-दुपारचं टेंपरेचर लिहिलंत का? ५ डिग्रीवरून २० वर गेलं की हवा साधारण ५ टक्के विरळ होते, ड्रॅग म्हणजे हवेचा अडथळा कमी, रॉकेट वर. आमच्या पोरांनी रॉकेट मुद्दाम हलकं केलेलं, नुसतं सोडलं तर ८६० च्या वर जायचं, मग त्या दिवसाची हवा बघून नाकात क्ले भरायचे, कारण वजन मैदानावर वाढवता येतं, कमी कुठून करणार. फक्त ६५० ग्रॅमची लिमिट सांभाळा. आणि रॉकेट पोरींचं आहे, तुम्ही फक्त वही धरा.

खडूस_काका: ६७ फूट नुसत्या हवेने नाही पडत. अल्टिमीटर, म्हणजे रॉकेटमधलं उंची सांगणारं यंत्र, थेट उंची नाही, हवेचा दाब मोजतो, आणि १ मिलिबारची गडबड झाली की २७-एक फूट इकडेतिकडे. त्याच्या कप्प्याची भोकं बघा आधी. नाकाला खेटून असली किंवा कडेला प्लास्टिकचे कंगोरे राहिले असले तर रीडिंग नाचतं. आणि वारा किती होता? शेपूट हलकी अन् फिन, म्हणजे शेपटाचे पंख, मोठे असले की रॉकेट वाऱ्याकडे तोंड वळवतं, मग तिरकं जाऊन उंची घालवतं.

जर्सीकर_बाबा: काका, सापडलं!! सकाळी ४ डिग्री आणि दुपारी १७ होतं हे खरंच, पण त्याहून भारी म्हणजे चार भोकांतली दोन टीमच्या नावाच्या स्टिकरखाली झाकलेली, आणि ते स्टिकर कोणी लावलं ते विचारू नका, हौस माझीच. सोलून काढलं, उरलेली दोन सँडपेपरने घासली. काल ८१४ आणि ८२६. तिसऱ्याला पॅराशूट उघडलंच नाही, पुडीसारखं चिकटून खाली आलं, ऑम्लेट.

ढगातली_काकू: थंडीत प्लास्टिकचं पॅराशूट आखडतं. घडी घालायच्या आधी टाल्कम पावडर मारा, आणि आदल्या रात्रीच भरून ठेवू नका, उडवायच्या दहा मिनिटं आधी भरा.

जर्सीकर_बाबा: आदल्या रात्रीच भरलेलं 🤦