बाळंतिणीला सरसकट प्रोबायोटिक कशाला?

गोदाकाठ
धाकट्या बहिणीचं सिझेरियन झालं. डिस्चार्जच्या कागदावर लोह, कॅल्शियम आणि त्याखाली प्रोबायोटिकच्या, म्हणजे पोटाला उपयोगी म्हणून दिल्या जाणाऱ्या जिवंत जंतूंच्या कॅप्सूल, रोज एक, महिनाभर. कशासाठी, हे कुठेच नाही. विचारल्यावर ‘पोटाला बरं असतं, दुधातून बाळालाही मिळतं’ एवढंच उत्तर. वॉर्डातल्या बाकीच्या बाळंतिणींच्या कागदावरही तीच ओळ.

अंगावर पाजणारीने हे घेतलं तर सहसा अपाय नाही, हे मला मान्य आहे. यातले नेहमीचे जिवाणू, लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडोबॅक्टेरियम, आतड्यातच राहतात, रक्तात जवळपास उतरत नाहीत. पण अपाय नाही म्हणून औषध लिहायचं नसतं. आणि रक्तातच उतरत नसेल तर ‘दुधातून बाळाला मिळतं’ हे कशाच्या जोरावर सांगता? मोजक्या स्ट्रेन्सबद्दल (जिवाणूच्या ठरावीक उपप्रकारांबद्दल) तसं दिसलंय, सगळ्यांबद्दल नाही. शिवाय आईच्या दुधात ऑलिगोसॅकराइड जातीच्या शर्करा असतात, ज्या बाळाला स्वतःला पचत नाहीत. बाळाच्या पोटातल्या बिफिडो जिवाणूंचं ते खाद्य. म्हणजे दूध नीट गेलं की निम्मं काम होतंच. पण बाळ नीट धरतंय का, पोट भरतंय का, हे बघायला वॉर्डात कुणी पाच मिनिटं थांबलं नाही. कॅप्सूल मात्र मिळाली. राग त्याचा आहे.

मिरजेचा फार्मासिस्ट
ताई, एक बाजू राहून गेली. सिझेरियननंतर बऱ्याच जणींना अँटिबायोटिक चालू असतं. त्याने जुलाब लागले तर ताजे टाके, सारखी उठबस आणि वर बाळाला पाजणं, यात बाईचे काय हाल होतात ते मी काउंटरवर ऐकत असतो. अँटिबायोटिकमुळे लागणारे जुलाब प्रोबायोटिकने कमी होतात, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. कागदावर कारण लिहिलं नाही म्हणून कारणच नव्हतं, असं कसं म्हणता? फक्त दोन्ही एकदम गिळू नयेत, दोन-तीन तासांचं अंतर ठेवावं.

गोदाकाठ
अँटिबायोटिक पाच दिवसांचं, प्रोबायोटिक तीस दिवसांचं. उरलेल्या दिवसांचं कारण सांगा.

मिरजेचा फार्मासिस्ट
महिन्याची बाजू मी घेणार नाही. पण पाकिटाची मागची बाजू प्रत्येकीने वाचावी, हे आवर्जून सांगतो. कित्येक पट्ट्यांवर अजून ‘लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेन्स’ छापतात. तो खरं तर बॅसिलस कोॲग्युलन्स, बीजाणू तयार करणारा निराळाच जिवाणू. ‘सॅकरोमायसिस बुलार्डी’ लिहिलं असेल तर ते यीस्ट. स्तनाग्राला बुरशी झाली म्हणून पोटातून फ्लुकोनॅझोल हे बुरशीचं औषध चालू असेल तर तेही मरतं, पैसे वाया. आणि बाळाला गाईच्या दुधाची ॲलर्जी निघाली असेल, तर आईच्या प्रोबायोटिक पावडरमध्ये दुधाचा अंश आहे का हे विचारल्याशिवाय घेऊ नये.

दोन लेकींची आई
गोदाकाठ, तुमचा सूर मला पटला नाही. धाकटीच्या वेळी मला परत परत स्तनदाह झाला. एका बाजूला लालभडक चट्टा, हुडहुडी भरून ताप, आणि बाळाने तोंड लावलं की डोळ्यांतून पाणी. अँटिबायोटिकचे कोर्स करून थकले. शेवटी डॉक्टरांनी लॅक्टोबॅसिलस सॅलिव्हॅरियस हे प्रोबायोटिक सुचवलं. पुढे तो त्रास झाला नाही आणि मी पाजत राहिले. स्पेनमध्ये २०१० साली ३५२ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात प्रोबायोटिक घेणाऱ्यांना अँटिबायोटिकवाल्यांपेक्षा बरं वाटलं होतं. स्तनपानाच्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शनातही याचा पर्याय म्हणून उल्लेख आहे. ‘कशाला हवं’ म्हणताना आमच्यासारख्यांचा विचार करा.

गोदाकाठ
तुमच्या बाबतीत त्रास ठरलेला होता, स्ट्रेन ठरलेली होती, देणारा डॉक्टर बघत होता. त्याला माझा विरोध नाहीच. पण हा पुरावाही अजून कच्चा आहे. स्तनदाह टाळण्याच्या उपायांवर २०२० मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने आढावा घेतला, तेव्हा प्रोबायोटिकवरच्या सर्वांत मोठ्या चाचणीचे निकाल त्यांना मिळालेच नाहीत, कारण उत्पादन पुरवणाऱ्याशी झालेला करार आड आला. बायकांच्या अंगावर केलेल्या चाचणीचे निकाल बायकांपासूनच दडवून ठेवायचे, आणि आम्ही मात्र विश्वासाने महिनाभर गिळायचं?

ठाणेकर काकू
आमच्याकडे बाळंतिणीला दही वर्ज्य. थंड पडतं, बाळाला सर्दी होते म्हणे. मी सुनेला पहिल्या आठवड्यापासून दुपारी वाटीभर ताजं ताक दिलं, जिरेपूड घालून. नातवाला काही झालं नाही. दही बंद करायचं आणि महागाची कॅप्सूल आणायची, हे मला कळत नाही.

मिरजेचा फार्मासिस्ट
काकू, ताक जरूर द्या, पण औषधाच्या जागी नको. घरच्या विरजणात कोणते जिवाणू किती, हे कुणी मोजलेलं नसतं. एफएसएसएआय, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार प्रोबायोटिक म्हणून विकायचं तर दिवसाच्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत जिवाणू लागतात.

एनआयसीयूतली सिस्टर
वर सगळे ‘आईने घेतलं तर अपाय नाही’ म्हणतायत. बाळ पूर्ण दिवसांचं, धडधाकट असेल तर ठीक. माझ्या वॉर्डातली, म्हणजे नवजातांच्या अतिदक्षता विभागातली (एनआयसीयू) बाळं सव्वा-दीड किलोची असतात. आया इन्क्यूबेटरशेजारच्या स्टुलावर बसून प्रोबायोटिक पावडरचं पाकीट फाडतात, पाण्यात ढवळतात, आणि त्याच बोटांनी बाळाला शिवायला जातात. पावडर हवेत उडते, बोटांना चिकटते. बाळाच्या नाळेतून किंवा मोठ्या शिरेतून सेंट्रल लाइन, म्हणजे थेट रक्तात औषध सोडणारी बारीक नळी गेलेली असते. बुलार्डीचं यीस्ट अशा लाइनवाटे रक्तात गेल्याच्या नोंदी आहेत. म्हणूनच अशा रुग्णाजवळ ते पाकीट उघडूच नये, अशी सूचना आहे. २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रक संस्थेने इशारा दिला, तो एक किलोहून कमी वजनाच्या बाळाला दिलेल्या बिफिडोबॅक्टेरियममुळे जंतुसंसर्ग होऊन ते दगावल्यावर. ते बाळालाच दिलं होतं, आईला नव्हे, हे मान्य. तरी सांगते: बाळ एनआयसीयूत असेल तर आईचं प्रोबायोटिकही बाळाच्या डॉक्टरांना सांगून, खोलीबाहेर, आणि नंतर साबणाने हात धुऊन.

पुण्याचा बाबा
सिस्टर, घाबरवू नका. ओडिशातल्या खेड्यांत साडेचार हजारांवर नवजात बाळांवर अभ्यास झाला, त्यातल्या निम्म्यांना लॅक्टोबॅसिलस प्लँटारम थेट पाजलं होतं. २०१७ मध्ये निकाल आले: जंतुसंसर्ग किंवा मृत्यूचं प्रमाण न पाजलेल्यांत ९ टक्के, पाजलेल्यांत ५.४. आपल्या देशातला एवढा मोठा अभ्यास आहे, तो कसा विसरता?

एनआयसीयूतली सिस्टर
विसरले नाही. ती बाळं निदान दोन किलोची आणि ३५ आठवडे पूर्ण झालेली होती. मात्रा आठवडाभराची, स्ट्रेन त्यासाठीच निवडलेली, वर रोज लक्ष. दुकानातून आणलेलं कुठलंही पाकीट म्हणजे ते नव्हे.

दोन लेकींची आई
सिस्टरचं पटलं. हातांचं मला कुणी कधी बोललं नव्हतं. स्तनदाहाबद्दल मात्र मी मागे हटत नाही. आणि ज्यांना आत्ता त्रास चालू आहे त्यांनी पाजणं बंद करू नका, ते दूध बाळाला चालतं. एका दिवसात ताप उतरला नाही तर कॅप्सूलची वाट बघू नका, दवाखाना गाठा.

गोदाकाठ
बहिणीचं बाळ पूर्ण दिवसांचं आहे, तिला जुलाब नाहीत, स्तनदाह नाही. परवा टाके दाखवायला जातोय, तेव्हा डॉक्टरांना त्या ओळीवर बोट ठेवून विचारणार: हे कशासाठी, कुठली स्ट्रेन आणि कधी थांबवायचं? तिन्हींची उत्तरं मिळाली तर घेईल. मिळालेलं उत्तर इथे लिहीन.