रोमिंग चालू असूनही सीमेपलीकडे रेंज नाही, परतल्यावर परकं नेटवर्क सुटत नाही

रेंजबाहेर
रोमिंग पॅक घेतलेला आहे, डेटा रोमिंगही ऑन आहे. तरी सीमा ओलांडली की पहिली पंधरा-वीस मिनिटं 'नो सर्व्हिस'. पुढे इंटरनेट सुरू होतं, पण कॉल लागत नाही. आणि परतताना सीमेपासून तीन-चार किलोमीटर आत आलं तरी फोन पलीकडच्याच टॉवरला चिकटलेला, मीटर चालूच. सिम बदलायचं की हँडसेट?

जुना_अँटेना
बहुधा दोन्ही ठीक आहेत. शेवटचं आधी घेतो, कारण पैसे तिथे जातात.

परक्या नेटवर्कवर असताना फोन ठरावीक वेळाने जास्त पसंतीचं नेटवर्क शोधतो. हे अंतर सिममध्ये लिहिलेलं असतं: ६ मिनिटांच्या पटीत, ६ मिनिटांपासून ८ तासांपर्यंत, काहीच लिहिलं नसेल तर ६० मिनिटं. गोम अशी, की हा शोध फोन ज्या देशाच्या नेटवर्कवर आहे त्याच देशापुरता चालतो. आणि देश ठरतो तो टॉवरच्या तीन आकडी देशसंकेतावरून. तुमचे पाय कुठे आहेत हे तो बघतच नाही. त्यामुळे घरचा टॉवर डोक्यावर असला तरी पलीकडचा सिग्नल पुरता तुटेपर्यंत फोन हलत नाही. सपाट, मोकळ्या मुलखात तो लवकर तुटत नाही.

एअरप्लेन मोड लावून काढणं हा हमखास उपाय नाही, कारण पुन्हा सुरू होताना फोन सहसा शेवटी नोंदलेलं नेटवर्कच आधी धरतो. नेटवर्क निवडीतलं 'ऑटोमॅटिक' बंद करा, यादी येऊ द्या (दोनेक मिनिटं लागतात, तेवढा वेळ डेटा तुटतो) आणि घरचं नेटवर्क हाताने निवडा. सीमेलगतच राहणाऱ्यांनी ते तसंच ठेवावं. बाकीच्यांनी पुढच्या खेपेला ऑटोमॅटिक करायला विसरू नये, नाहीतर पलीकडे रेंजच येणार नाही.

सिमकार्डाचा_कोपरा
सुरुवातीच्या 'नो सर्व्हिस'बद्दल. सगळे बँड चाळून नवं नेटवर्क शोधायला काही मिनिटं लागतातच, पण वीस मिनिटं जास्त झाली. सिमवर एक 'निषिद्ध नेटवर्क' यादी असते. एखाद्या नेटवर्कने 'तुला परवानगी नाही' म्हटलं की फोन त्याचं नाव तिथे लिहितो आणि पुन्हा आपणहून तिकडे फिरकत नाही. पॅक सुरू होण्याआधी सीमा ओलांडली तर नेमकं हेच होतं: आधी नकार, मग पॅक चालू, पण यादी तशीच. फोन बंद-चालू करून ती पुसत नाही. यादी सिमवर असल्याने हँडसेट बदलूनही फरक पडत नाही.

त्या नेटवर्कला हाताने निवडा. निषिद्ध असलं तरी हाताने निवडता येतं, आणि नोंदणी झाली की नाव यादीतून जातं. सगळीच नेटवर्क नकार देत असतील तर तुमच्या कंपनीकडे रोमिंग खरोखर सुरू झालंय का ते तपासून घ्या.

रेंजबाहेर
हाताने निवडल्यावर एक नेटवर्क लगेच लागलं. पण कॉल अजूनही नाहीत.

जुना_अँटेना
४जीवर कॉल व्होल्टीने (४जीच्याच डेटावरून आवाज पाठवायची पद्धत) जातो, आणि त्याचा रोमिंग करार डेटाच्या करारापेक्षा वेगळा असतो. तो नसेल तर फोन कॉलपुरता ३जी किंवा २जीवर उतरतो. नंबर फिरवताच वरचं ४जी चिन्ह बदलतंय का बघा. तिथल्या कंपनीने ३जी-२जी बंद केलं असेल तर उतरायला जागाच नाही. यादीतलं दुसरं नेटवर्क घेऊन बघा. पसंतीच्या नेटवर्क प्रकारात 'फक्त ४जी' ठेवलं असेल तर ते आधी काढा, ही चूक फार जण करतात. वायफाय कॉलिंग परदेशातून चालतं की नाही, ते घरच्या कंपनीवर आहे.

सिमकार्डाचा_कोपरा
उलट तक्रार असेल, म्हणजे रेंज आणि कॉल ठीक पण डेटा नाही, तर अँड्रॉइडमध्ये एपीएनखालचा (म्हणजे मोबाइल डेटाच्या जोडणीच्या सेटिंगमधला) 'रोमिंग प्रोटोकॉल' आयपीव्ही४ करून बघा. ड्युअल सिममध्ये डेटा रोमिंगचं बटण प्रत्येक सिमला वेगळं असतं, तेही तपासा.

आणि सीमा समुद्रातून ओलांडणार असाल तर ऑटोमॅटिक नको. जहाजावरची उपग्रहाने जोडलेली नेटवर्क ९०१ या देशसंकेताने दिसतात. ती नेहमीच्या पॅकमध्ये सहसा नसतात आणि दर भयंकर असतो. बंदर सोडताना सरळ एअरप्लेन मोड लावा.