लवाद ग्राहकानेच नेमायचा, असे करारात असेल तर?

प्रश्न

पुण्यात आमची सहा जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. एका कारखान्याला गोदामातील साठ्याची प्रणाली आम्ही करून दिली. चार महिने त्यांची रोजची चलने तिच्यातूनच निघत आहेत, तरीही स्वीकृतीपत्रावर सही नाही आणि आमचे अठरा लाख अडकले आहेत. बारकोडचा भाग अपुरा आहे असे ते म्हणतात. तो मूळ कामात नव्हताच, असे आमचे म्हणणे आहे. करारानुसार एकमेव लवाद, म्हणजे न्यायालयाबाहेर वादाचा निवाडा देणारी व्यक्ती, त्यांचे व्यवस्थापकीय संचालक नेमणार. अशा लवादापुढे जावेच लागेल का?

प्रतिसाद १

नाही. लवाद अधिनियमाचे कलम १२(५) आणि पर्किन्स ईस्टमन प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल पाहता, निकालात ज्याचे हित गुंतले आहे त्याला एकट्याने लवाद नेमता येत नाही. करारातले लवादाचे कलम मात्र त्यामुळे मोडत नाही. वाद लवादाकडे नेण्याची मागणी करणारी, अधिनियमाच्या कलम २१ ची नोटीस देऊन तुम्हीच एक-दोन नावे सुचवा. तीस दिवसांत एकमत झाले नाही, तर कलम ११ खाली उच्च न्यायालयात अर्ज करता येतो. वाद उद्भवल्यानंतर त्यांच्या माणसाला लेखी संमती दिलीत तर ही हरकत गेलीच, म्हणून ईमेलवर सहज ‘चालेल’ लिहून बसू नका.

प्रतिसाद २

करारापूर्वीची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल, तर २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या, कायद्याखालील सुविधा परिषदेकडे जा; थकलेल्या पैशांचे वाद ती हाताळते. करारात लवादाचे कलम असले तरी ही वाट खुली असते. तिथे आधी समेटाचा प्रयत्न होतो, तो फसल्यास लवाद. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते आणि निवाड्याला आव्हान देताना खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. व्याजाचा तक्ता नोटिशीला जोडलात की समोरचे बोलण्याच्या तयारीत येतात.

प्रतिसाद ३

त्याच वेळी मध्यस्थीचा प्रस्तावही ठेवा; मध्यस्थ निवाडा देत नाही, दोघांना तडजोडीपर्यंत आणतो. आमच्या अशाच वादात दोन्ही बाजूंचे वकील तासभर ‘पूर्ण’ या शब्दावर अडले होते. मग मध्यस्थांनी ग्राहकाच्या स्टोअरकीपरला बोलावून स्क्रीन उघडायला लावली. बावीस तक्रारींपैकी सोळा त्याने स्वतःच खोडल्या. उरलेल्या सहा दुरुस्त होताच पैसे, आणि पैसे मिळताच सोर्स कोड (प्रणालीचा मूळ प्रोग्राम) ग्राहकाला, असे ठरले. लवादापुढे हे झाले असते, पण इतक्या लवकर नाही.

प्रश्नकर्ता

उद्यम नोंदणी करारापूर्वीची आहे. बारकोडची मागणी करणारा त्यांचा पहिला मेलही सापडला. तो करारानंतर सात आठवड्यांनी आलेला आहे. नोटिशीसोबत तोच जोडतो.